तळमजल्यावरचं कल्चर

कुणीही घाई केली की काका उजवा तळवा उपडा करून हवा खाली दाबायचे आणि म्हणायचे, "सावकाश. खाली घाई नसते." पाण्याची मोटर बिघडली तरी हेच, लिफ्ट अडकली तरी हेच. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या सात मजली इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, त्यामुळे 'खाली' म्हणजे त्यांचं घर, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तुमच्याही सोसायटीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या बोलण्याचा अर्थ उशिरा लागतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे सभेला पाच मिनिटं उशिरा पोचल्यामुळे बाकीच्यांनी निवडून टाकलेला माणूस. काका राहायला आले तेव्हा रजिस्टर भरताना मी विचारलं, नोकरीत काय करायचात? ते म्हणाले, "तीस वर्षं कल्चर केलं." मी 'कल्चर' असं लिहून घेतलं आणि पुढच्याच सभेत त्यांची कल्चरल कमिटीच्या प्रमुखपदी एकमताने निवड झाली. काकांनी हरकत घेतली नाही. रत्नागिरीकडचा माणूस कशाला लगेच हो म्हणत नाही, पण मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी प्रमुख केलं होतं.

घोटाळा कळला तो गणपतीत. मंडपात सगळे ऑर्केस्ट्राची वाट बघत होते आणि काका काळ्या कागदात गुंडाळलेली एक बाटली घेऊन स्टेजवर चढले. ते समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लॅब असिस्टंट होते. जहाजावरून समुद्राच्या तळाचा गाळ वर काढायचा आणि त्यातले जंतू बाटलीत वाढतात का ते बघायचं, याला तिथे कल्चर म्हणतात. काकांनी दिवे मालवायला लावले. तीन-चार हजार मीटर खाली असाच काळोख असतो म्हणाले, पाणी बर्फासारखं गार, आणि वरचे जीव मेले की त्यांचे कण भुरभुरत खाली पडत राहतात. त्या उष्ट्यावर खालचे जंतू जगतात. गाळात खोल रुतलेले तर इतके सावकाश जगतात की एकाचे दोन व्हायला शेकडो वर्षंही लागू शकतात. यावर सातव्या मजल्यावरच्या आमच्या चेअरमनशेठनी काळोखातूनच विचारलं, "अंकल, इसमें गाना कब आएगा?"

तळमजल्यावरच्या बायकांना मात्र भाषण पटलं. त्यांच्या खिडक्यांवर रोज वरून केस, कढीपत्ता आणि चहाचा चोथा पडतो. त्यावर जगायची वेळ तेवढी अजून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरला की तळमजल्यावर फ्रिजमध्ये जंतू पाळले आहेत. ज्यांनी दोन वर्षं पाण्याची टाकी धुऊन घेतली नव्हती, ते सगळ्यात जास्त घाबरले. कमिटीने मला नोटीस काढायला सांगितली आणि मी काढली. बाटली आठ दिवसांत टाकून द्यावी, अन्यथा पाळीव प्राण्यांच्या नियमानुसार परवानगी घ्यावी. ते शेवटचं वाक्य मी तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या नोटिशीतून जसंच्या तसं उचललं होतं. काकांनी नोटीस नीट वाचली आणि शांतपणे अर्ज मागायला आले.

त्यांनी भरलेला अर्ज अजून माझ्याकडे आहे. जात: ठाऊक नाही. संख्या: मोजता येत नाही. लस: नाही. भुंकतात का: नाही. लिफ्ट वापरतात का: नाही, खालीच राहतात. मालकाचे नाव: मालक कोणी नाही, मी फक्त सांभाळतो.

मी हसत विचारलं, काका, त्यात नक्की जिवंत आहे का काही? ते हसले नाहीत. म्हणाले, बाकीच्या बाटल्यांत काही ना काही उगवलं, या एकीत अकरा वर्षांत काहीच दिसलं नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी ती बेसिनमध्ये ओतायला सांगितली. समुद्राखालचा दाब काही घरी देता येत नाही, पण थंडी आणि काळोख देता येतो, म्हणून ते ती पिशवीत घालून घरी घेऊन आले.

"हात धजला नाय हो, सेक्रेटरीसाहेब. काय दिसत नाय म्हणजे मेलंय असं थोडंच? मी पण तिथे तीस वर्षं होतोच ना."

मला माझ्या नोटिशीची लाज वाटली. अर्ज मंजूर करायला कमिटी तयार नव्हती आणि नामंजूर करायला मी. मग मी तो 'विचाराधीन' फाइलमध्ये घातला, जिथे गच्चीच्या गळतीचा अर्ज सहा वर्षं सुखाने नांदतोय. दर सभेत चेअरमनशेठ विचारायचे, उन कीड़ों का क्या हुआ? मी सांगायचो, चालू आहे. आमच्या कमिटीचा आणि त्या जंतूंचा वेग अगदी पत्रिका बघून जुळवल्यासारखा जुळला होता.

गेल्या हिवाळ्यात काकांना हॉस्पिटलात न्यायला गाडी आली. काकू आधीच गेलेल्या, मुलगी नालासोपाऱ्याहून निघालेली. त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, औषधांचं काहीतरी सांगतील. "फ्रिज कुणी बंद करू नका," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, काका, लवकर या परत. त्यांनी तळवा उपडा केला, पण हवा दाबायचं त्राण त्यात नव्हतं.

ते परत आले नाहीत. महिन्याभराने मुलीने घर रिकामं करायला काढलं. फ्रिज विकला होता, तो न्यायला माणसं येणार होती. तिने बाटली उजेडाकडे धरायला काळा कागद सोडवायला घेतला आणि मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "टाकून देऊ ना, सेक्रेटरीकाका? बाबाच म्हणायचे, आत काही दिसत नाही." मी म्हटलं, दे माझ्याकडे.

ऑफिसात जाऊन मी अर्ज काढला. 'मी फक्त सांभाळतो' याच्या पुढे माझं नाव लिहिलं, मजल्याच्या रकान्यात 'तळ' खोडून माझा 'चौथा' केला आणि अर्ज पुन्हा विचाराधीनमध्ये ठेवला. काका फार आठवले.

बाटली घेऊन निघालो तर चेअरमनशेठ लिफ्टचं दार धरून उभे. "आइए ना सेक्रेटरीजी, ऊपर ही जा रहा हूँ."

"नहीं शेठ," मी म्हटलं, "ये लोग लिफ्ट यूज नहीं करते. फॉर्म में लिखा है."

आणि बाटली दोन्ही हातांनी धरून मी जिना चढायला लागलो, सावकाश.