चार फुटी समुद्रात कोणाला घ्यायचं

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, नेपानगरच्या कागद कारखान्यात पाणी तपासायच्या कामावर होते. नदीतून आलेलं, बॉयलरला जाणारं, बाहेर सोडायचं, सगळ्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्या टेबलावर यायच्या. रिटायर होऊन ते बुरहानपूरला, बुधवाऱ्यातल्या घरी आले, तेव्हा पहिले काही महिने गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तपासत होते. मी त्याच वर्षी लग्न होऊन या घरात आले होते. चहाचं पाणी कोणत्या नळाचं घेतलं, हे मला रोज सांगावं लागे.

मग एकदा ते इंदूरला डोळे दाखवायला गेले. डॉक्टरांच्या वेटिंग हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा मोठा टँक होता. त्यात खडक, हलणारी प्रवाळं आणि रंगीत मासे. माझे मिस्टर सोबत होते. त्यांनी नंतर सांगितलं, की नंबर पुकारला तरी नाना खुर्चीवरून उठले नाहीत, पुढच्या पेशंटला आधी पाठवावं लागलं. घरी आल्यावर डोळ्यांबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की चष्म्याचा नंबर तोच आहे. बाकी सगळं बोलणं टँकचं.

समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या रेल्वेवर. पण त्या दिवसांत जगातली कुठलीही वस्तू बुरहानपूरला यायला लागली होती. घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं, आणि कुरियरवाला आमच्या गल्लीत रोज दिसायचा. नानांनी चार फुटांचा टँक बनवून घेतला. समुद्राचं मीठ मुंबईहून बादलीत आलं, खडक ओल्या कागदात गुंडाळून आले. पाण्याचं काम मात्र नानांचं, त्यात कोणी बोट घालायचं नाही. मीठ किती, उष्णता किती, अमोनिया किती, हे ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला आणि आम्ही बसायचो त्या खोलीतला काढला.

महिनाभर टँकमध्ये नुसतं पाणी आणि दगड. शेजारच्या बायका यायच्या, बघायच्या आणि विचारायच्या, की मासे कुठं लपलेत. सासूबाई म्हणायच्या, अजून बोलावणं गेलं नाही.

मासे निवडायची वेळ आली तेव्हा नानांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. त्यांना टायपिंग जमत नव्हतं, आणि मी बी.एस्सी. झालेली. मी दोन दुपारी वाचलं आणि एक कागद केला. कोण कोणाला खातं, कोण प्रवाळं कुरतडतं, कोणाला एकट्याला जागा लागते, कोण मोठा होऊन टँकमध्ये मावणार नाही. एक गोष्ट मी अधोरेखित केली होती: गरीब स्वभावाचे आधी आणायचे, भांडखोर शेवटी किंवा कधीच नाही. जो आधी येतो तो सगळा टँक आपला समजतो.

नानांनी कागद नीट वाचला आणि घडी करून वहीत ठेवला. मग मुंबईच्या मासेवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलं, की पहिला मासा डॅमसेल घ्या, दणकट असतो, पाणी थोडं इकडंतिकडं झालं तरी मरत नाही. मी म्हटलं, नाना, माझ्या कागदावर तो सगळ्यात खाली आहे. ते म्हणाले, पाणी पास झालंय, जो या पाण्यात जगेल तो इथं राहील, बस. मी पोळ्या करायला गेले.

डॅमसेल थर्माकोलच्या खोक्यातून सकाळच्या गाडीनं आला. बोटाएवढा, आणि असा निळा की आमच्याकडं तसा निळा फक्त कपड्यांना देतात त्या गुळीचा असतो. सासूबाईंनासुद्धा आवडला. तो आठवडाभर एकटा राहिला, सगळे खडक फिरून आला, मधल्या खडकातलं एक भोक त्यानं घर म्हणून धरलं. नाना टँक पुसायला हात घालायचे तर तो येऊन चावायचा. चावतो म्हणजे गुदगुल्याच, पण नाना कौतुकानं सांगायचे.

मग दोन क्लाउनफिश आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. त्या दिवशी घरात सगळे खूश होते. नानांनी संध्याकाळी पाणी तपासलं, सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई टँकसमोर बसून तूर निवडत होत्या. त्यांची ती रोजची जागा, टँक नंतर आला. दुपारी त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "सूनबाई, तो निळा त्या बारीकल्याले सकाळपासून मारून राहिला. तो पाहा, कोपऱ्यात वर उभा आहे. खालीच येत नाही."

मी पाहिलं. लहान क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून होता आणि त्याची शेपटी फाटली होती. निळा आपल्या भोकाशी आरामात तरंगत होता. नानांना बोलावलं. त्यांनी आधी पाणी तपासलं. मग पुन्हा तपासलं. पाण्यात काहीच दोष नव्हता.

निळ्याला बाहेर काढायचं ठरलं. ठरवणं सोपं होतं. जाळी पाण्यात गेली की तो भोकात. मिस्टरांनी प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड उलटं बसवून सापळा केला, आत खाणं ठेवलं. सापळ्यात दोनदा मोठा क्लाउनफिश गेला. निळा बाहेरून बघत होता. दोन दिवस असे गेले, आणि लहान क्लाउनफिशनं खाणं सोडलं.

रविवारी सकाळी नाना म्हणाले, दगड काढावे लागतील. महिनाभर हात लावू न दिलेले दगड. आम्ही घरातली सगळी पिंपं, टब आणि लग्नकार्याची मोठी पातेली धुऊन ओळीनं मांडली. नळीनं टँकचं पाणी त्यात उतरवलं. दोन्ही क्लाउनफिश एका बादलीत गेले. मिस्टर एकेक खडक उचलत होते, नाना तो टबातल्या पाण्यात ठेवत होते, आणि प्रत्येक भोकात निळा अडकला नाही ना, हे मी टॉर्च मारून बघत होते. शेवटी टँकमध्ये वीतभर पाणी, वाळू आणि मधोमध निळा. तरी तो नानांच्या हाती लागेना. ते जाळी डावीकडं नेत, तो उजवीकडं जाई. नानांचा शर्ट भिजला, चष्म्यावर मीठ वाळलं.

माझं माहेर धूलकोटचं. गावाबाहेर नाला आहे. लहानपणी आम्ही मैत्रिणी ओढणीनं त्यात मासे पकडायचो. घरात खात कोणी नसे, पकडायचे आणि परत सोडायचे. दोघींनी ओढणीची टोकं धरायची, खालची कड तळाला लावायची आणि सावकाश काठाकडं सरकायचं. घाई केली की संपलं. लग्न झाल्यापासून ही गोष्ट मी सासरी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

मी आत जाऊन जुनी सुती ओढणी आणली, धुऊन पिळली आणि नानांना म्हटलं, "नाना, तुम्ही जरा बाजूला व्हा. आई, तुम्ही या."

सासूबाईंनी पदर खोचला, हात कोपरापर्यंत धुतले आणि स्टुलावर चढल्या. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. ओढणीची कड वाळूला लावून आम्ही एका टोकाकडून सरकू लागलो. मी हळू म्हटलं की त्या थांबायच्या. निळा मागं मागं गेला, कोपऱ्यात पोचला, एकदा वर उसळला आणि ओढणीच्या झोळात पडला. सासूबाई झोळ धरून म्हणाल्या, "आता मार कोणाला मारतो ते." मिस्टर हसता हसता ओल्या फरशीवर बसले.

सगळं परत लावेपर्यंत चार वाजले. त्या दिवशी आम्ही शेव आणि केळी खाल्ली. चहा घेताना नाना मला म्हणाले, "मी पाणी पास केलं की काम झालं समजत होतो, सूनबाई. पुढचे मासे तू ठरव."

मी ठरवले, पण एकटीनं नाही. सासूबाईंना मासेवाल्याचे फोटो दाखवले. वाचून मला जे कळे, ते त्या तोंडाकडं बघून सांगायच्या. काटेरी पंखांचा एक रुबाबदार मासा होता, त्याचं तोंड बघून म्हणाल्या, हा शेजाऱ्याला गिळेल. कागदावरही तेच होतं. नानांना एक पिवळाधमक टँग फार आवडला होता. तो वीतभर वाढतो आणि त्याला पोहायला आमच्यापेक्षा लांब टँक लागतो, असं मी सांगितलं. ते दोन दिवस रुसले. जेवताना नुसतं हं-हं करायचे. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, की नको, त्याला जेल होईल.

शेवटी एक छोटा पिवळा गोबी मासा घेतला आणि त्याच्यासोबत एक झिंगा. झिंग्याला नीट दिसत नाही. तो वाळूत बीळ खणतो, गोबी दारात पहारा देतो, आणि दोघं त्याच बिळात राहतात. सासूबाई गोबीला फूलगोबी म्हणायच्या. लहान क्लाउनफिशची शेपटी भरून आली. निळ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत एक छोटा वेगळा टँक मिळाला. तिथं तो एकटा, आणि सासूबाईंच्या बोटाला चावत मजेत.

झिंगा आला तो थेट वाळूत गेला, आणि बरेच दिवस कोणाला दिसला नाही. मासेवाल्यानं फसवलं, असं मिस्टरांचं मत झालं. तेवढ्यात मी दिवाळीला माहेरी गेले. चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. त्यांनी मी कशी आहे हे विचारलं नाही. दोघं दारात एकत्र आले, झिंग्याची मिशी गोबीच्या अंगावर होती, हे एका दमात सांगितलं आणि फोन सासूबाईंकडं दिला. त्यांनीही तेच पुन्हा सांगितलं.

माझी आई अंगणात चकल्यांचं पीठ मळत होती, आणि पाणी मी घालत होते. सासरी सगळे बरे आहेत ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, झिंगा बाहेर आला. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि पीठ माझ्या हातून सैल झालं.