धुऱ्यावरच्या जळक्या ट्यूबा

सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेपासून आत, फुलवंता टेंभरेची धानाची बांधी आहे. बांधीवरून विजेच्या मोठ्या टॉवरची लाइन गेली, तेव्हापासून रोवणीला बाया यायला कुरकुर करतात. दमट हवेत वर तारा सारख्या गुणगुणतात. फुलवंता मात्र त्याच तारांखाली बसून जेवते. नवरा मोहनलाल गेल्यावर शेत तिनेच धरून ठेवलं.

यंदा धान निसवलं आणि रानडुकरं यायला लागली. पांढरं काही दिसलं तर बिचकतील, म्हणून शाळेने फेकलेल्या जळक्या ट्यूबा आणून तिने बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभ्या रोवल्या. त्याच आठवड्यात गावाला वीज देणारी डीपी जळाली आणि गाव अंधारात गेलं.

दिवस बुडताना डुकरं आली का ते पाहायला फुलवंता गेली आणि धुऱ्याजवळ दचकून थांबली. ट्यूबा लागल्या होत्या. ना तार, ना बटन. निळसर, थरथरता उजेड. तिने एकीला मधोमध धरलं. मुठीच्या वर उजेड राहिला, खाली काळोख झाला.

सकाळी तिने वायरमन लोकेंद्रला गाठलं.

"काकी, वरच्या लाइनचा असर आहे तो. ट्यूबीतला गॅस पेटते. काढून टाका."

"मंग आमच्या घरी काऊन नाही लाइन?"

"ते आपल्यासाठी नाही. मोठ्या शहराले जाते."

कारण कळलं, पण भीती गेली नाही. उलट वरून रात्रंदिवस काय वाहतं, ते आता डोळ्यांना दिसलं होतं.

संध्याकाळी घरची कामं उरकून, अंधार पडल्यावर तिने ट्यूबा उपटल्या आणि कवेत घेऊन निघाली. गावाकडे जाणाऱ्या पांदीत, तारांच्या पलीकडे, तिच्यासोबत रोवणी करणारी धुरपता उभी होती.

"कोण हाय? उजेड चालून राहिला, मानूस दिसून नाही राहिला."

"मी हावो, धुरपता."

धुरपता हलली नाही. फुलवंता तारांखालून बाहेर आली, तशा सगळ्या ट्यूबा एकदम विझल्या.

"आता घरापर्यंत बोलू नोको, नाही तं ते मांगं येते," धुरपता हळूच म्हणाली.

दोघी मागे न बघता चालल्या.

पुढे नवी डीपी बसली. धान कापायला धुरपता आली, पण ऊन कलंडलं की तारांखालून निघून जायची. फुलवंताने तिला कधी अडवलं नाही.

नवी डीपी बसून लाइन आली त्या दिवशी घरातली ट्यूब लागली, तेव्हा फुलवंता स्टुलावर चढली आणि तिला तार जोडलेली आहे ना, ते बोटाने चाचपून पाहिलं.