भोवऱ्याखालचा खडक

पुरात एक काटकी कुठं अडकली की तिला दुसरी अडकती, मग तिसरी. बघता बघता ढीग! किश्श्यांचं बी तसंच हाय. आमचे सगळे मांजरेच्या डोहावर अडकले.

आम्ही तिघं दोस्त. मी, दगडू आन् सोपान. मुरुडच्या बाजाराला जानारी मानसं आम्ही काहिलीत बसवून पार करायचो. काहील म्हंजी गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई. अन् डोहाच्या मधोमध भोवरा!

*

एकदा एक मास्तर आन् त्यांची विहीनबाई एकाच काहिलीत बसले. काहील भोवऱ्यात घुसली अन् लागली की गरागरा फिरायला! दोघांनी एकमेकाला गच्च धरलं. सोपाननं कसंबसं वल्हं मारून बाहेर काढलं.

मी काठावरनं वरडलो, "मास्तर, सात फेरे झाले बरं का! आता घरी काय सांगनार?"

मास्तर त्यानंतर लांबच्या पुलावरनंच जायचे!

*

सोपानच्या लग्नात सासऱ्यानं त्याला चांदीचं कडं घातलं. मी सोनाराला गाठून आदल्या दिशीच कड्याच्या आतल्या अंगाला बेडूक कोरून घेतला व्हता!

चार दिवसांनी गोदावैनी काठावर आली. "भाऊजी, ह्यो बेडूक कशाला?"

"वैनी, नवऱ्याचा फोटू हाय त्यो! दिसभर पान्यातच असतो की!"

लई हसली. पदर तोंडात घालून हसली.

*

दुसऱ्याच पावसाळ्यात काहील उलटली. बसलेली सगळी मानसं सोपाननं काठाला लावली. सोताच वर आला न्हाई.

आमच्यात रिवाज हाय. कुनी बुडलं की पान्यावर वाळका भोपळा सोडायचा. भोपळा जिथं फिरंल, तिथं बुडी मारायची. आम्ही भोपळ्याखाली बुड्या मारून मारून डोळे लाल केले. काय गावलं न्हाई.

मग गावात उठलं, सोपान बुडलाच न्हाई, हैदराबादेला पळाला! आडावर एक बाई वैनीला टोचून म्हनली, "तिकडं दुसरी केली म्हनं त्यानं."

वैनी घागर उचलत म्हनली, "बरं हाय की! दोन टाईम जेवतो तरी असंल."

कुंकू काय पुसलं न्हाई तिनं.

*

मग नवा जिल्हा झाला. अलीकडचा काठ लातूरचा, पलीकडचा जुन्याच जिल्ह्याचा. एका सकाळी भोवऱ्यात कुनाचं तरी मढं फिरताना दिसलं. दोन्ही काठांवर एकेक हवालदार.

"तुमच्याकडं हाय ते!"

मढं फिरलं.

"आता तुमच्याकडं आलं!"

दगडू म्हनला, "साहेब, ते बी इचारून राहिलंय, उतरू कुठं?"

लोक हसत व्हते, तेवढ्यात वैनी पळत आली. मढ्याचा हात वर आल्यावर मनगट बघितलं. मोकळं. तशीच माघारी गेली. मग कुनी हसलं न्हाई.

*

नांदेडच्या कॉलेजातले एक सर आले, पोरं घेऊन. त्यांनी पान्यात गुलाल सोडला. म्हनले, "खाली काहीतरी उभं आहे. पाणी त्याला धडकतं, पुढच्या बाजूला खाली बुडी मारतं आणि मागच्या बाजूला गिरक्या घेतं. समुद्रातही असंच. तळाशी डोंगर आहेत, दऱ्या आहेत, त्यांच्यामुळं वरचे प्रवाह वळतात, फिरतात. एकेक भोवरा जिल्ह्याएवढा!"

दगडूनं हात वर केला. "सर, कंच्या जिल्ह्याएवढा? मोडायच्या आधीच्या का मोडल्यावरच्या?"

सर बी हसले. त्यांचं बोलनं मातर आम्ही तिथंच सोडून दिलं.

*

पुढं दुष्काळ पडला. जनावरं बाजारात गेली, मानसं ऊसतोडीला गेली, डोह आटला. आधी खडकाचं डोस्कं दिसलं, मग खांदे. बसलेल्या बैलावानी खडक! भोपळा फिरायचा त्याच्या खालच्या अंगाला. आन् बुडी मारनाऱ्या पान्यानं कोरलेला खड्डा? खड्डा वरच्या अंगाला, जिकडनं पानी यायचं तिकडं!

दगडू मटकन खाली बसला. "सर म्हनले व्हते की रं. आपुन मागंच हुडकत बसलो."

राहिलेला गाव गाळ काढायला जमला. खड्ड्यातनं घागरी निघाल्या, चपला निघाल्या, सोपानचं वल्हं निघालं. थोडी हाडकं. कुनी म्हनलं जनावराची, कुनी काय म्हनलंच न्हाई.

मग वैनीच्या पाटीत एक काळं कडं आलं. तिनं पदरानं पुसलं. आतनं बघितलं. मूठ मिटली.

वैनी माझ्यापुढं आली, मला दिसंल एवढीच मूठ उघडली.

"भाऊजी, तुम्हाला वळख हाय. ह्ये त्यांचं हाय का?"

बेडूक माझ्याकडं बघून राहिला व्हता.

म्या म्हनलं, "न्हाई वैनी. त्यांच्या कड्यात बेडूक व्हता."

वैनीनं मान हलवली. कडं खड्ड्यात सोडलं, वरनं पाटीभर गाळ लोटला. मग मनगटानं कपाळाचा घाम पुसला, कुंकवाच्या कडंकडंनं.