पाणमांजराचा दगड

गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. बाजाराच्या टोकाला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुलावर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते इतक्यांदा ‘हनुवटी खाली’ म्हणत, की सगळं गाव त्यांना हनुवटीवाले म्हणू लागलं. ओळखपत्रांचे फोटो, लग्नाचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, हे सगळं पोटासाठी. जीव मात्र गावाबाहेरच्या ओढ्यात अडकलेला. सुट्टी आली की मातकट ताडपत्री अंगावर ओढून हा गृहस्थ काठावर जाऊन बसायचा, ते थेट कंबर धरेपर्यंत. खंड्या, बगळे, कोल्हा, सगळ्यांचे फोटो झाले. पाणमांजर तेवढं हाती लागलं नाही.

म्हणजे एकदा लागलं होतं, पण शेपटीपुरतं. पाण्यावर एक गोल तरंग आणि त्यात शिरणारं काहीतरी काळं. तो फोटो बैठकीच्या खोलीत चौकटीत घालून लावला होता. शेपटी कुठे आहे ते प्रत्येक पाहुण्याला बोट ठेवून दाखवावं लागे.

त्यांचे साडू, म्हणजे मेहुणीचे यजमान, फ्रीज दुरुस्त करायचे. हसरा, बडबड्या माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कलेच्या बाबतीत मात्र ‘ढ’, असं हनुवटीवाल्यांचं ठाम मत होतं. आणि या साडूंना ओढ्यावर नेलं कुणी, तर हनुवटीवाल्यांनीच. आपलं शहाणपण कुणाला तरी दाखवायचं होतं ना! काठावरच्या सपाट दगडावरची विष्ठा त्यांनी काडीने उकलली, आतले माशांचे खवले दाखवले.

“पाणमांजर विधीला ठरलेल्या जागीच येतं, साडूभाऊ. हा त्याचा दगड. पण त्याचा फोटो काढायला नजर लागते, बैठक लागते. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही ते.”

“खरंय दादा,” साडू म्हणाले आणि पुढच्याच आठवड्यात कॅमेऱ्याची एक पेटी घेऊन आले. जेवणाच्या डब्याएवढी. पट्ट्याने झाडाला बांधून ठेवायची आणि घरी जायचं. समोर काही ऊबदार हललं की ती आपली आपण फोटो काढते. बांधणारा तिकडे घोरत का असेना.

पहिल्या वेळी हनुवटीवाले पोट धरधरून हसले. साडूंनी पेटीचं तोंड लव्हाळ्यांकडे केलं होतं. दुपारी ऊन चढलं, तापलेली पाती वाऱ्याने डुलायला लागली आणि पेटीला वाटलं, जनावर आलं! कार्डभर नुसतं गवत.

“गुरांना दाखवा साडूभाऊ, खूश होतील,” हनुवटीवाले म्हणाले. साडूही हसले. मग त्यांनी पेटी काढली आणि तोंड दगडाकडे करून पुन्हा बांधली.

त्यानंतर एका सकाळी मेहुणीचा फोन आला. “भाऊजी, बघितलंत का? यांना पाणमांजर मिळालं! पिल्लासकट! आणि गंमत म्हणजे हे तेव्हा झोपले होते हो!”

फोटोत आई होती, तिच्या तोंडात मासा होता, मिशांवर पाण्याचे थेंब होते. बाजूला पिल्लू. हनुवटीवाल्यांनी फोटो बघितला, मोठा करून बघितला, पुन्हा लहान करून बघितला. जेवताना बायको म्हणाली, “अहो, चांगला आलाय की फोटो.”

“आलाय! बरोबर बोललीस. आलाय तो. काढलाय कुणी?”

“एवढं काय त्यात? आपल्याच माणसाला मिळालाय ना?”

तेच तर दुखणं होतं. परका असता तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आपला दगड, आपण दाखवलेला, आणि त्यावर या फ्रीजवाल्याने झोपेत बाजी मारावी! हनुवटीवाले जळले. अगदी हिरवं लाकूड जळावं तसे, धूर जास्त आणि ज्वाला नाही. रात्री कूस बदलली तरी समोर त्या मिशा.

त्यातच वाचनालयाच्या ग्रंथपालबाई स्टुडिओत आल्या. दरवर्षी वाचनालयाच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरे आणि दारासमोरची मोठी भिंत कायम हनुवटीवाल्यांची. गावात त्यांना जो काही मान होता तो त्या भिंतीचा.

“यंदा दर्शनी भिंतीवर पाणमांजर लावावं म्हणते,” बाई म्हणाल्या. “पहिल्या फोटोत पिल्लाचं डोकं कापलं गेलंय. तुमच्या साडूंना एक नीट फोटो मिळाला की झालं. नाहीच मिळाला, तर तुम्ही आहातच. चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” हनुवटीवाले म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची हनुवटी इतकी खाली करायला लावली की बिचाऱ्याला पायच दिसत होते.

‘नाहीच मिळाला, तर.’ हे शब्द डोक्यात घर करून बसले.

बाजार बंद असतो त्या दिवशी भर दुपारी ते ओढ्यावर गेले. कच्च्या गुरूचे चेले नव्हते ते. पेटीच्या नजरेत न येता मागच्या बाजूने झाडापाशी पोचले, पट्टा सैल केला आणि पेटीचं तोंड हलकेच लव्हाळ्यांकडे वळवलं. बस्स, एवढंच. काही फोडलं नाही, काही चोरलं नाही. आता ऊन आणि वारा काय करायचं ते करतील. पट्टा पुन्हा आवळला, हात झटकले, पाठ सरळ केली. किती दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. तिथेच उभं राहून त्यांनी एकदा समोरच्या काठाकडे बघितलं आणि ते स्वतःशीच हसले.

काही दिवसांनी साडू स्टुडिओत आले. एकटेच. आल्या आल्या त्यांनी दार लोटून घेतलं, काउंटरवर लॅपटॉप ठेवला.

“पेटी पुन्हा गवताकडे वळली होती, दादा. सगळं कार्ड वाया.”

“अरेरे,” हनुवटीवाले म्हणाले.

“पण मी दुसरी बांधली होती ना, पलीकडच्या काठावर, मुळांमध्ये. पाणमांजराच्या गळ्यावर फिकट डाग असतात. दोन बाजूंनी फोटो असला की कोण कुठलं ते ओळखता येतं, असं कळलं होतं.” साडूंनी एक फोटो उघडला. आई, पिल्लू, दोन्ही डोकी शाबूत. “हे मिळालं. आणि त्याच्या आदल्या दिवशीचं हे.”

पडद्यावर हनुवटीवाले होते.

एका फोटोत झाडामागून वाकून येणारे. एकात पट्ट्यावर हात. आणि शेवटच्या फोटोत काम उरकून समोर बघून हसणारे.

“कुणाला दाखवलेलं नाही,” साडू खाली बघत म्हणाले. “हिला नाही, ताईंनाही नाही. पुसून टाकतो. तुमच्यासमोरच पुसावं म्हणून आलो.”

हनुवटीवाल्यांच्या कानशिलांना चटका बसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण नजर त्या शेवटच्या फोटोवरून हलेना. पानांतून गाळून आलेलं ऊन एका गालावर होतं, दुसरा गाल सावलीत. दोन्ही डोळे काटेकोर स्पष्ट. आणि त्या डोळ्यांत मनातलं सगळं, झाकलेलं काहीच नाही. जन्मभर हजारो माणसं स्टुलावर बसवून, हनुवट्या खालीवर करून, असा एक चेहरा त्यांना कधी मिळाला नव्हता.

“पुसू ना, दादा?”

“पुसा,” हनुवटीवाले म्हणाले.

साडूंनी फोटो पुसले, लॅपटॉप मिटला, “येतो दादा” म्हणाले आणि गेले. मन मोठं करण्यातही हा माणूस पुढे निघून गेला, हे हनुवटीवाल्यांना कळत होतं आणि त्याचीही जळजळ होत होती. पण त्याहून एक गोष्ट आत रुतली होती. तो तिसरा फोटो ग्रंथपालबाईंनी बघितला असता, तर दर्शनी भिंतीवर पाणमांजर लागलंच नसतं. तो फोटो लागला असता. आणि तोही साडूंचाच.