हिरवी वायर

सिडकोत कारभारी मिस्त्रीला कुलर दाखवायचा म्हणजे डोक्याला ताप. माणूस पायातली स्लिपर काढणार नाही, टेस्टर लावल्याशिवाय पत्र्याला बोट लावणार नाही, आणि जरा गंज दिसला की म्हणणार, "फेका हा. नवा घ्या." अहो, पंपात नुसता कचरा अडकलाय! पण ऐकेल तर शपथ. बायका तोंडावर विचारायच्या, "मिस्त्री, दुरुस्तीला आलात का नवा विकायला?" गिऱ्हाइकं तुटली. भर मे महिन्यात गडी टपरीत माशा मारत बसायचा.

आधी असा नव्हता तो. कारभारीनं हात लावला की मेलेला कुलर उठतो, असं म्हणायचे लोक.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सावित्रीबाईंनी त्याला बोलावलं. कुलर त्यांच्या सुनेचा, ज्योत्स्नाचा. दिंडोरीच्या बापानं आंदणात दिलेला. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. खोट कुलरमध्ये नव्हतीच, भिंतीतल्या वायरिंगमध्ये होती. अर्थिंगच्या वायरीतून करंट उलटा कुलरच्या अंगात येत होता. पण भिंत फोडायची म्हणजे घरमालकाशी भांडण.

"भाऊ, नवाच घ्यावा का?" ज्योत्स्नानं विचारलं. जिवाला घाबरली होती पोरगी.

कारभारीनं प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी वायर कचकन तोडली. झिणझिण्या बंद. "कशाला नवा, ताई? दहा वर्षं बघायला नको."

तेव्हा सगळेच मिस्त्री असंच करायचे. अर्ध्या सिडकोतले कुलर तसेच चालायचे.

पुढच्या वर्षी ऐन वैशाखात पंपाची वायर आतल्या आत कुजली आणि करंट पत्र्यात उतरला. त्याला जमिनीत जायला एकच वाट होती, ती हिरवी वायर, आणि ती कारभारीनं तोडलेली. ज्योत्स्ना ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून चालू कुलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. जागच्या जागी गेली.

लोक म्हणाले, नशीब. कारभारीचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही, आणि तेच त्याला खात राहिलं. दुपारी टपरीत एकटा असला की पाठीमागे कुणीतरी बादली ओततंय असं ऐकू यायचं. दचकून वळावं, तर फरशी कोरडी ठणठणीत. कुणाच्याही घरी कुलर उघडला की शेजारून ज्योत्स्नाचा तोच प्रश्न यायचा, नवाच घ्यावा का? मग त्याच्या तोंडून एकच उत्तर निघायचं. घ्या बाई, नवाच घ्या.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये सावित्रीबाईंचा निरोप आला. जाऊ नये असं लय वाटलं त्याला, तरी गेला. म्हातारी घरात एकटीच होती. खोलीच्या मधोमध तो कुलर, पुसून ठेवलेला.

"एवढा चालू करून दे, कारभारी."

"मावशी, हा भंगारात द्या. तुमच्या पाया पडतो."

"नाय देणार. पोरीचं एवढंच राहिलंय माझ्याकडं. मी मारलं तिला, मी तिची वस्तू विकू?"

"तुम्ही कसं मारलं?"

"ती म्हणाली, बंद करून पाणी ओतते. मी म्हटलं, राहू दे चालूच, उकडतंय." म्हातारीनं कुलरवर पदर फिरवला. "माझ्या धनराजनं ऐकलं ते. तेराव्यानंतर पुण्याला गेला तो. आठ वर्षं झाली, मला आई म्हणत नाही. फोन उचलतो, हं हं करतो, ठेवतो."

कारभारीच्या पाठीमागे बादलीचा आवाज झाला. या खेपेला तो वळला नाही. त्यानं प्लग उघडला आणि तोडलेलं टोक म्हातारीसमोर धरलं.

"हे मी तोडलं, मावशी. भिंतीतलं वायरिंग नीट करून हे शाबूत ठेवलं असतं तर फ्यूज उडाला असता आणि पोरगी वाचली असती. ती गेली त्याच दिवशी मला कळलं होतं."

सावित्रीबाईंनी ते टोक हातात घेतलं.

"त्याच दिवशी?"

"हो."

"आणि तू गप्प बसलास? मुडद्या, माझा लेक गेला ना रे!"

त्यांनी फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. मग भिंतीला धरत फोनपाशी गेल्या, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"हं," पलीकडून धनराज म्हणाला.

"मी कारभारी मिस्त्री," तो म्हणाला. "फोन ठेवू नका. ज्योत्स्नाताई आईंमुळं नाही गेल्या."