स्वतःचे मत: आढळले नाही

आमच्या भोरच्या कॉलेजात इंटरनेट आलं, त्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी आम्हा काही मुलींना इंग्रजीत लिहायला परदेशातल्या जोडीदार मिळवून दिल्या. माझ्या वाट्याला हंगेरीची मुलगी आली. इंग्रजी तिचीही नव्हती आणि माझीही नव्हती, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ती तिच्या कुत्र्याबद्दल लिहायची, मी आमच्या भाटघर धरणाबद्दल. त्या कुत्र्याची तब्येत मला आमच्या म्हशीपेक्षा जास्त ठाऊक होती.

वर्ष संपताना तोंडी परीक्षा होती. कॅमेऱ्यासमोर बसून जोडीदाराशी इंग्रजीत गप्पा मारायच्या आणि मागे बसून सरांनी गुण द्यायचे. उच्चार, व्याकरण, प्रश्न विचारणे, स्वतःचे मत मांडणे. सगळ्यात पास झालं तर जोडी पुढच्या वर्षीही कायम. एकात जरी गेलं तरी जोडी मोडणार. सरांनी हे एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला मात्र दुसरी कुणी नको होती. मनातलं सगळं लिहावं असं माणूस मला तोवर दुसरं मिळालं नव्हतं.

परीक्षेला आत्या बरोबर आली. परक्या घरचं माणूस पहिल्यांदा समोरासमोर भेटणार, तेव्हा आमच्याकडून कुणीतरी मोठं हवं, असं घरात ठरलं. नियमात त्याला बंदी नव्हती, म्हणून सरांनी खुर्ची दिली. आत्याने बसल्या बसल्या लाडवांचा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला.

"आत्या, तिला घेता येत न्हाई."

"ते मला बी कळतं. पर इचारायला नको?"

हंगेरीच्या मुलीने थँक्यू म्हटलं. आत्याने चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं, शेती किती, बर्फात गुरं कुठं बांधता. मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिले. व्याकरण कुठेही चुकलं नाही. आत्याला इतकं खुशीत मी लग्नाच्या बैठकीतही पाहिलं नव्हतं.

वेळ संपत आली तेव्हा त्या मुलीने माझं नाव घेऊन विचारलं, शिक्षण झाल्यावर तुला कुठे राहायचंय? तिला उत्तर माहीत होतं. पुण्याला, हॉस्टेलमध्ये राहून शिकायचं, हे मीच तिला लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं फक्त तिलाच. मला गुण मिळावेत म्हणून तिने मुद्दाम सोपा प्रश्न काढला होता.

पण मोठ्या माणसांदेखत पोरीला काही विचारलं तर उत्तर मोठी माणसंच देतात, अशी आमच्याकडची रीत. मी आत्याकडे वळले आणि प्रश्न मराठीत सांगितला.

"भोरमदीच देनार की," आत्या म्हणाली. "लांब न्हाई धाडायची. नोकरीवाला बघू."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. "ती भोरमध्ये राहील. तिच्या नवऱ्याला नोकरी असेल." पडद्यावरची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग वेळ संपली.

परतताना एसटीत आत्या म्हणाली, "सोपा गेला की पेपर. तुला कायबी आठवावं लागलं न्हाई."

निकाल लागला. उच्चार उत्तम, व्याकरण उत्तम. स्वतःचे मत: आढळले नाही. जोडी मोडली. मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि सरळ रडले. आत्याला आधी वाटलं, मार्क लाडवांमुळे गेले.

"समद्याची उत्तरं तर दिली की आपन. चुकलं कुठलं?"

"पुढं कुठं राहायचं, ते."

ती भाकरी थापायची थांबली.

"मग बरोबर काय व्हतं?"

हा प्रश्न त्या घरात मला कुणी विचारला नव्हता. वळून बघावं असं तिथे दुसरं कुणी मोठंही नव्हतं.

"पुण्याला," मी म्हणाले. "हॉस्टेलात."

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली, आत्याने ती स्वतःच्या ताटात टाकली.

"तितं जेवायला काय देत्यात," तिने विचारलं, "हे इचारलंस का कुनाला?"