नावावरची पट्टी

विद्यापीठाच्या नोंदणी विभागात त्याला सगळे ‘पुढचा’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण त्याच्या कानावर ते कधीच आलं होतं आणि त्याला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. दिवसभरात त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघतच नसे, तर लोकांनी तरी दुसरं नाव कुठून आणायचं? काचेच्या खिडकीमागे तो मान खाली घालून बसे. फटीतून कागद आत आला की त्यावरचा नंबर टाइप करायचा, सही बघायची, हो किंवा नाही सांगायचं आणि मग ‘पुढचा!’ समोर मुलगी उभी असली तरी ‘पुढचा’, आईबापांसकट अख्खं बिऱ्हाड उभं असलं तरी ‘पुढचा’.

तासांची नोंदणी ही काय भानगड आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना नोंदणीला बसेपर्यंत कळत नाही. शाळेत वेळापत्रक आयतं भिंतीवर लागलेलं असतं. इथे ते आपलं आपण जुळवायचं. कोणता विषय, कुणाकडे, सकाळी की दुपारी, सगळं ठरवायचं आणि आपली पाळी आली की फोनवर बोट ठेवून जागा पकडायची. वरच्या वर्षांची मुलं आधी आत शिरतात आणि चांगलं चांगलं उचलून नेतात. पहिल्या वर्षाला दार उघडतं तेव्हा ‘वर्ग भरला आहे’ ही लाल अक्षरं तेवढी शिल्लक असतात. मग तोंडचं पाणी पळालेली ही पोरं घोळक्याने मोठ्या हॉलमध्ये येतात आणि खिडक्यांसमोर रांगा लावतात. प्रत्येक वर्गात थोड्या जादा जागा राखून ठेवलेल्या असतात. ज्याचं त्या विषयावाचून पुढे अडणार, त्याला त्या द्यायच्या. आणि अडणार आहे हे लिहून सही करायची ती त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी. सही असली तर जागा, नसली तर नाही.

सहीपाशी घोडं अडतंच. प्राध्यापक कधी सभेत असतात, कधी रजेवर, आणि कधी नुसतेच नसतात. म्हणून खिडकीवरच्या माणसाला एक मुभा होती. सही आणेपर्यंत, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, त्याने एखादी जागा धरून ठेवली तर चालत असे. शेजारच्या खिडकीवरच्या बाई ही मुभा सढळ हाताने वापरत. कुणाचे डोळे भरलेले दिसले की त्यांनी जागा धरलीच म्हणून समजा. त्याने मात्र इतक्या वर्षांत ते बटण एकदाही दाबलं नव्हतं. चेहरा बघितला की माणूस विरघळतो, आणि एकासाठी विरघळला की मागची सगळी रांग बुडते, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत.

नोकरीच्या सुरुवातीला त्याच्यावर एकदा बालंट आलं होतं. एका बड्या अधिकाऱ्याच्या पुतण्याला त्याने जागा दिली. सही होती, सगळं रीतसर होतं, पण आडनाव बघून दिली अशी बोंब झाली आणि खुलासे देता देता त्याच्या नाकी नऊ आले. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून त्याची पट्टी केली आणि पडद्यावर जिथे विद्यार्थ्याचं नाव उमटतं तिथे ती चिकटवून टाकली. नंबर दिसे, वर्ग दिसे, नाव दिसत नसे. हातातल्या कागदावरही त्याची नजर नंबर आणि सही सोडून कुठे जात नसे. साहेब बदलले, संगणक बदलले, पट्टी दर वेळी नव्या पडद्यावर पुन्हा लागली. त्याला त्या पट्टीचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती.

बायको होती तोवर त्याची चेष्टा करायची. “घरात तरी मान वर करा, इथे रांग नाही लागलेली,” म्हणायची. मग तो हसायचा आणि मान वर करायचा. पुढे ती अंथरुणाला खिळली आणि बऱ्याच दिवसांनी गेली, आणि घरात तो आणि मुलगी असे दोघेच उरले. मुलगी तेव्हा शाळेत होती. आईची औषधं तीच द्यायची. जेवणाआधी कोणती, नंतर कोणती, कोणत्या दोन गोळ्या एकमेकींबरोबर चालत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. त्यातूनच तिच्या मनाने घेतलं की औषधनिर्माणशास्त्र शिकायचं. बापाला आनंद झाला, पण आनंद झाला की तो बोलून दाखवायचा असतो हे सांगणारी आता घरात नव्हती. बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं होतं. दूध आणलंय. कुलूप लाव. पंखा चालू राहिला होता.

औषधनिर्माणाला जायचं तर पहिल्या सत्रात रसायनाचं प्रॅक्टिकल हवंच. त्याच गुणांवर पुढे निवड होते, म्हणजे ते हुकलं की त्या शाखेचं दारच बंद. हे तिला माहीत होतं आणि त्याला तर तिच्याहून आधी माहीत होतं. विद्यापीठात तिचं नाव लागलं त्या दिवशी त्याने तिला एकच गोष्ट सांगितली.

“माझ्या खिडकीवर वशिला चालत नाही. घरच्यांचासुद्धा नाही.”

“मी कुठे मागितलाय?” ती म्हणाली.

विषय तिथेच संपला. नोंदणी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्याने बूट काढता काढता विचारलं, “झाली का तुझी नोंदणी?” ती म्हणाली, “होतेय.” त्याने ते ‘झाली’ असंच ऐकलं. दिवसभर लोकांच्या पोरांची रडगाणी ऐकून त्याचे कान किटलेले असत, घरी आल्यावर आणखी खोदून विचारायचं त्राण कुणाला होतं?

जादा जागांचा शेवटचा दिवस उजाडला. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, पंख्यांची घरघर आणि पोरांचा कालवा यांत स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. त्याची मान सकाळी खाली गेली ती खालीच होती. दुपारी कधीतरी फटीतून एक कागद आत आला. रसायन प्रॅक्टिकल. सहीची जागा कोरी.

“सही नाही.”

“सर, मॅडम रजेवर आहेत. त्यांची खोली बंद आहे.”

हे वाक्य सकाळपासून त्याने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की आता त्याला ते कुणा एकाचं वाटत नव्हतं.

“मग सही आणा.”

“संध्याकाळपर्यंत जागा धरता येईल का, सर? विभागप्रमुखांची आणते.”

“धरता येत नाही. पुढचा!”

धरता येत होती. पण तो धरत नसे, आणि हे समजावत बसण्यापेक्षा ‘येत नाही’ म्हणणं सोपं होतं. त्याने परत सरकवलेला कागद क्षणभर फटीतच राहिला, मग मागे गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाचा सहीवाला कागद आला आणि रसायनाची शेवटची जागा त्याने त्याला देऊन टाकली.

चहाच्या वेळी शेजारच्या बाई कप घेऊन त्याच्याकडे आल्या.

“मानलं हो तुम्हाला! दगड आहात अगदी.”

“का, काय झालं?”

“काय झालं म्हणे! पोटच्या पोरीला परत पाठवलंत आणि वर मलाच विचारताय? डबा घेऊन यायची ना लहानपणी, मी बघताक्षणी ओळखलं तिला. माझी रांग लहान होती, चांगली हाक मारली. माझ्याकडे आली असती तर डोळे मिटून जागा धरली असती मी. पण नाही. मानेनंच नको म्हणाली आणि तुमच्याच रांगेत उभी राहिली.”

मी बघितलंच नाही, एवढं त्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण बाई इतक्या कौतुकाने बघत होत्या की तो नुसता “हं” म्हणाला. मग खुर्चीवर परत जाऊन त्याने रसायनाचा वर्ग उघडला. लाल अक्षरं आली. त्याने तो बंद केला, पुन्हा उघडला.

घरी गेला तेव्हा मुलगी वाळलेले कपडे घडी घालत होती. तो बूट न काढताच आत आला.

“तू आज माझ्या रांगेत होतीस?”

“हो.”

“अगं, मग घरी का नाही सांगितलंस? आधी सांगायचंस ना!”

“वशिला झाला असता.”

त्याला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर कपडे होते.

“मी बघितलं नाही गं तुला. खरंच सांगतो, नाही बघितलं. मला कळलं असतं तर...” इथे तो अडखळला. कळलं असतं तर काय? जागा धरली असती? की तरीही ‘पुढचा’ म्हणाला असता? त्याने मनाशी दोन्ही करून बघितलं.

“माहीत आहे, बाबा,” ती म्हणाली. “नाहीच बघितलंत तुम्ही.”

“मग राग नाही ना माझ्यावर?”

तिने हातातला सदरा, त्याचाच होता तो, नीट घडी घालून बाजूला ठेवला.

“ओळखून नाही म्हणाला असतात तर मला चाललं असतं. जगाला सांगितलं असतं मी, माझे बाबा असे आहेत म्हणून. हातभर अंतरावरून बोलत होते मी. तुम्हाला माझा आवाजसुद्धा कळला नाही.”

ती रडली नाही. रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी विभागात त्याचा उदोउदो झाला. बाईंनी बातमी पोचवली होतीच. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “निष्पक्षपणा म्हणजे काय, ते यांच्याकडून शिका.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. जागेवर येऊन त्याने नखाने पट्टी खरवडून काढली. खालचा पडदा तेवढाच जरा जास्त स्वच्छ होता.

त्यानंतर वर्ग बदलून घेणाऱ्यांच्या रांगा होत्या, आणि तो प्रत्येकाकडे बघू लागला. कागद घ्यायच्या आधी चेहरा बघे, नाव वाचे, कधी कधी विचारे, “घरी सांगितलंय ना?” पोरं गांगरत. काहींना वाटे आपलं काहीतरी चुकलं. रांग हॉलच्या बाहेर गेली, तक्रारी आल्या. ज्या साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या त्यांनीच त्याला बोलावून, वय झालं की होतं असं म्हणत, मागच्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकी नव्हती. विद्यापीठ सोडून जाणाऱ्यांची नावं कमी करायची, एवढंच काम.

मुलगी काही दिवस बाकीच्या तासांना गेली, मग जाईनाशी झाली. एका सकाळी तिने बॅग भरली आणि सांगितलं की दुसऱ्या शहरात मावशीकडे राहायला जातेय, पुढच्या वर्षी तिकडेच नव्याने बघेन. तो म्हणाला, “पोचलीस की कळव.” आणखी बरंच म्हणायचं होतं. तिने पोचल्याचं कळवलं, मावशीच्या फोनवरून.

तिचा अर्ज येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी आला तेव्हा तो दचकला. पडद्यावर आता काही झाकलेलं नव्हतं. पहिलं तिचं नाव होतं, शेवटी आडनाव, आणि मध्ये, बापाचं नाव लिहितात तिथे, त्याचं. त्या दुपारी पुठ्ठ्याच्या पट्टीखाली हेच होतं. तिने कागदावरही हेच लिहिलेलं असणार, तिच्या त्या गोल अक्षरात, आणि तो कागद त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, “काय हो, अडलंय का काही?”

“नाही,” तो म्हणाला. “सगळं रीतसर आहे.”

आणि त्याने तिचं नाव कमी केलं.